फ्लोट घटकाची रुंदी

फ्लोट घटकाची रुंदी म्हणजे, सीएसएस या शैलीभाषेतील 'फ्लोट' गुणधर्माने डाव्या किंवा उजव्या कडेला सरकवलेल्या घटकाला वेबपानावर मिळणारी आडवी जागा. साधा परिच्छेद किंवा विभाग रुंदी न सांगितल्यास आपल्या धारक पेटीची संपूर्ण रुंदी व्यापतो. फ्लोट केलेला घटक तसे करीत नाही. तो आपल्या आतील मजकुराच्या मापाने आक्रसतो. हे आक्रसणे एका निश्चित सूत्रानुसार होते. त्या सूत्रात तीन राशी येतात आणि शेजारच्या फ्लोटजवळ उरलेली मोकळी जागा ही त्यांपैकी एक नाही. वेबपान रचताना फ्लोट 'अचानक खाली पडतो' अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे मूळ बहुतांशी या एका गोष्टीत असते.

मराठी विकिपीडियावरील गावांच्या लेखांत उजव्या कडेला दिसणारी माहितीचौकट आणि मजकुराच्या बाजूला बसवलेली छायाचित्रे ही फ्लोटची सर्वपरिचित उदाहरणे आहेत. प्रस्तुत लेखात स्पष्टीकरणासाठी पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील महाळुंगे पडवळ या गावाचे नाव उदाहरण म्हणून घेतले आहे. १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत परदेशी कापडाच्या ट्रकसमोर आडवे पडून हुतात्मा झालेले बाबू गेनू सैद यांचे हे जन्मगाव. दोन शब्दांचे हे नाव रुंदीचा नियम समजून घेण्यास सोयीचे आहे. लेखात गुणधर्मांची नावे देवनागरीत दिली आहेत. प्रत्यक्ष संकेत लिहिताना ती रोमन लिपीतच लिहावी लागतात.

इतिहास

प्रतिमेच्या बाजूने मजकूर वाहता ठेवण्याची कल्पना सीएसएसच्या आधीची आहे. नेटस्केपच्या आरंभीच्या ब्राउझरांत प्रतिमेला डावे किंवा उजवे संरेखन देऊन हा परिणाम साधता येत असे. १७ डिसेंबर १९९६ रोजी शिफारस म्हणून प्रसिद्ध झालेल्या सीएसएसच्या पहिल्या स्तराने ही सोय प्रतिमेपुरती न ठेवता 'फ्लोट' गुणधर्माच्या रूपाने कोणत्याही घटकास उपलब्ध करून दिली.

प्रतिमेची रुंदी प्रतिमेतच असते, त्यामुळे तिथे प्रश्न नव्हता. मजकुराच्या घटकाची रुंदी मात्र कुठून आणायची, हा प्रश्न नव्यानेच उभा राहिला. १२ मे १९९८ च्या दुसऱ्या स्तराने त्याचे उत्तर कठोरपणे दिले: फ्लोट केलेल्या घटकाला रुंदी स्पष्टपणे सांगितलीच पाहिजे. ती 'ऑटो' ठेवल्यास तिचे मूल्य शून्य धरावे, असा नियम होता. शून्य रुंदीची पेटी कोणाच्याही कामाची नसल्याने हा नियम व्यवहारात टिकण्यासारखा नव्हताच. स्तर २.१ मध्ये तो बदलण्यात आला आणि मजकुराच्या मापाने आक्रसण्याची पद्धत विनिर्देशात आली. हा स्तर ७ जून २०११ रोजी अंतिम शिफारस म्हणून प्रसिद्ध झाला. जुन्या पाठ्यपुस्तकांत 'फ्लोटला नेहमी रुंदी द्यावी' असा जो उपदेश आढळतो, तो १९९८ च्या नियमाचा अवशेष आहे. आज तो नियम म्हणून चुकीचा असला, तरी सल्ला म्हणून पुष्कळदा उपयोगी पडतो.

मूळ सूत्र

रुंदी 'ऑटो' असलेल्या, मजकूर धारण करणाऱ्या फ्लोटसाठी ब्राउझर पुढील तीन राशी काढतो.

पूर्ण मजकूर-रुंदी: लेखकाने मुद्दाम घातलेले ओळभंग वगळता मजकूर कुठेही न मोडता एका ओळीत मांडला, तर लागणारी रुंदी. नव्या विनिर्देशांत हिला 'मॅक्स-कंटेंट' म्हणतात.

न्यूनतम मजकूर-रुंदी: जिथे जिथे ओळ मोडता येते तिथे तिथे ती मोडली, तर लागणारी रुंदी. साध्या मजकुरात ही सर्वांत रुंद अशा, न मोडता येणाऱ्या तुकड्याएवढी, म्हणजे बहुधा सर्वांत लांब शब्दाएवढी असते. हिचे नवे नाव 'मिन-कंटेंट'.

उपलब्ध रुंदी: धारक पेटीच्या रुंदीतून फ्लोटची स्वतःची डावी-उजवी मार्जिन, बॉर्डर व पॅडिंग वजा केल्यावर उरणारी रुंदी.

न्यूनतम मजकूर-रुंदी आणि उपलब्ध रुंदी यांतील मोठी संख्या घ्यावी. ती संख्या आणि पूर्ण मजकूर-रुंदी यांतील लहान संख्या ही फ्लोटची रुंदी होय. 'फिट-कंटेंट' या मूल्याचा अर्थही हाच आहे. त्यानंतर 'मिन-विड्थ' आणि 'मॅक्स-विड्थ' दिलेले असल्यास त्या मर्यादा लागू होतात.

समजा, एका टंकात 'महाळुंगे' हा शब्द ७५ पिक्सेल, 'पडवळ' ५० पिक्सेल आणि मधली मोकळी जागा ५ पिक्सेल भरते. मग 'महाळुंगे पडवळ' एवढाच मजकूर असलेल्या फ्लोटची पूर्ण मजकूर-रुंदी १३० आणि न्यूनतम मजकूर-रुंदी ७५ पिक्सेल झाली. उपलब्ध रुंदी ६०० पिक्सेल असेल तर ७५ आणि ६०० यांत मोठी ६००, आणि ६०० व १३० यांत लहान १३०. नाव एका ओळीत बसते आणि पेटी त्याला घट्ट बिलगते. उपलब्ध रुंदी ५० पिक्सेल असेल तर ७५ आणि ५० यांत मोठी ७५, आणि ती १३० पेक्षा लहान. पेटी ७५ पिक्सेलची होऊन धारक पेटीच्या बाहेर २५ पिक्सेल डोकावते. न्यूनतम मजकूर-रुंदीच्या खाली फ्लोट आपण होऊन कधीच जात नाही.

या दोन टोकांच्या मधली स्थिती अधिक बोधक आहे. उपलब्ध रुंदी १०० पिक्सेल असल्यास उत्तर १०० येते. नाव दोन ओळींत मोडते, त्यांतील रुंद ओळ ७५ पिक्सेलचीच असते, तरीही पेटी १०० पिक्सेलचीच राहते आणि उजवीकडे २५ पिक्सेलची रिकामी पट्टी दिसते. मजकूर मोडल्यानंतर पेटीचे माप पुन्हा घेतले जात नाही. सूत्र एकदाच लागू होते. पार्श्वरंग किंवा चौकट दिलेल्या शीर्षकांत ही पट्टी डोळ्यांत भरते आणि नवशिके तिला चुकून पॅडिंग समजतात. सीएसएसच्या आजच्या नियमांत मोडलेल्या ओळींना नेमके बिलगण्याची सोय फ्लोटला नाही.

शेजारचा फ्लोट आणि खाली घसरणे

उपलब्ध रुंदी मोजताना त्याच ओळीत आधीपासून बसलेल्या फ्लोटने व्यापलेली जागा वजा होत नाही. ६०० पिक्सेलच्या धारक पेटीत डावीकडे २०० पिक्सेलचे छायाचित्र फ्लोट केलेले आहे आणि त्याच्या शेजारी एक लांब परिच्छेद रुंदी न देता फ्लोट केला, असे समजू. उरलेल्या ४०० पिक्सेलमध्ये परिच्छेद सामावेल, ही अपेक्षा स्वाभाविक आहे. परंतु सूत्राच्या दृष्टीने उपलब्ध रुंदी ६००, परिच्छेदाची पूर्ण मजकूर-रुंदी काही हजार पिक्सेल, म्हणून त्याची रुंदी ६०० ठरते. रुंदी ठरल्यावर मग जागा शोधली जाते. ६०० पिक्सेलची पेटी ४०० पिक्सेलच्या जागेत मावत नाही, म्हणून ती छायाचित्राच्या खाली जाते.

आधी रुंदी, मग स्थान, असा हा क्रम आहे आणि तो उलटत नाही. म्हणूनच फ्लोटच्या आधारे दोन-तीन स्तंभांची पाने रचली जात असताना प्रत्येक स्तंभाला स्पष्ट रुंदी द्यावी लागे. बूटस्ट्रॅप या लोकप्रिय चौकटीच्या २०१३ मधील तिसऱ्या आवृत्तीत बारा स्तंभांची जाळी फ्लोटवरच उभी होती आणि तिच्यात प्रत्येक स्तंभाची रुंदी टक्क्यांत दिलेली असे.

स्पष्ट रुंदी देऊनही बेरीज चुकली की तोच प्रकार घडतो. मूळ नियमानुसार 'विड्थ' म्हणजे केवळ मजकुराची रुंदी; पॅडिंग आणि बॉर्डर तिच्या बाहेर मोजतात. २०० आणि ४०० पिक्सेलचे दोन स्तंभ ६०० पिक्सेलमध्ये तंतोतंत बसतात. पण त्यांपैकी एकाला चोहोबाजूंनी १ पिक्सेलची बॉर्डर दिली की बेरीज ६०२ होते आणि दुसरा स्तंभ खाली उतरतो. 'बॉक्स-सायझिंग: बॉर्डर-बॉक्स' लिहिल्यास पॅडिंग व बॉर्डर दिलेल्या रुंदीतच धरली जातात. मार्जिन मात्र तेव्हाही बाहेरच राहते.

फ्लोट नसलेला साधा परिच्छेद शेजारी असेल तर वेगळे घडते. त्याची पेटी धारक पेटीएवढीच रुंद राहते आणि फ्लोटच्या मागून जाते; आखूड होतात त्या फक्त त्याच्या ओळी. विकिपीडियाच्या लेखांत छायाचित्राला वळसा घालणारा मजकूर दिसतो तो यामुळे.

प्रतिमा आणि टक्केवारी

प्रतिमा, चलचित्र यांसारख्या ज्यांना स्वतःचे नैसर्गिक माप असते अशा घटकांना आक्रसण्याचे सूत्र लागू होत नाही. रुंदी 'ऑटो' असल्यास प्रतिमेचे नैसर्गिक माप वापरले जाते. ज्यांना ना स्वतःचे माप असते ना गुणोत्तर, त्यांच्यासाठी ३०० पिक्सेल ही ठरीव रुंदी आहे.

प्रतिमा स्वतः फ्लोट नसून फ्लोटच्या आत असेल, तर गुंतागुंत वाढते. ४०० पिक्सेलच्या प्रतिमेला '५० टक्के' रुंदी दिली आणि तिच्या भोवतीच्या फ्लोटला काहीच दिले नाही, तर एक चक्र तयार होते: प्रतिमा फ्लोटच्या निम्मी हवी आणि फ्लोट प्रतिमेएवढा हवा. ब्राउझर हे चक्र दोन टप्प्यांत तोडतो. फ्लोटचे माप घेताना टक्केवारीकडे दुर्लक्ष करून प्रतिमा ४०० पिक्सेलची मानली जाते व फ्लोट ४०० चा होतो. मग टक्केवारी लागू होऊन प्रतिमा २०० पिक्सेलची होते. निम्मी पेटी रिकामी राहते. हे दृश्य सदोष वाटले तरी नियमाला धरूनच आहे.

'मॅक्स-विड्थ: १०० टक्के' हा प्रतिमांसाठीचा सर्रास वापरला जाणारा नियमही याच मार्गाने चालतो. त्यामुळे प्रतिमेचा न्यूनतम मजकूर-रुंदीतील वाटा शून्य धरला जातो. उपलब्ध रुंदी ३०० पिक्सेल असताना ४०० पिक्सेलची प्रतिमा असलेला फ्लोट ३०० वर येतो आणि प्रतिमाही तेवढीच होते. हा नियम नसता तर फ्लोट ४०० पिक्सेलवर अडून १०० पिक्सेल बाहेर गेला असता.

छायाचित्राची ओळ

छायाचित्र आणि त्याखालील ओळ एकाच फ्लोटमध्ये ठेवण्याचा प्रश्न ज्ञानकोशांना विशेष भेडसावतो. २२० पिक्सेलच्या छायाचित्राखाली 'बाबू गेनू सैद, मूळ गाव महाळुंगे पडवळ, तालुका आंबेगाव, जिल्हा पुणे' अशी ओळ असेल, तर फ्लोटची पूर्ण मजकूर-रुंदी छायाचित्राने नव्हे, ओळीने ठरते. चौकट ओळीएवढी लांब होते आणि छायाचित्र तिच्या एका कोपऱ्यात अडकून राहते. संपादकाला हवे असते ते नेमके उलट: रुंदी छायाचित्राने ठरवावी आणि ओळीने तिच्यात निमूटपणे मोडावे.

विकिपीडिया ज्या मीडियाविकी प्रणालीवर चालतो, तिने हा प्रश्न अनेक वर्षे साध्या हिशेबाने सोडवला. २२० पिक्सेलच्या लघुचित्राभोवतीच्या पेटीला प्रणाली स्वतःच २२२ पिक्सेलची रुंदी लिहून देत असे. वरचे २ पिक्सेल प्रतिमेच्या दोन बाजूंच्या बॉर्डरचे. पुढील रचनेत आकृतीच्या पेटीला तक्त्याचे आणि ओळीला तक्त्याच्या शीर्षकाचे रूप देण्यात आले. तक्त्याची रुंदी त्याच्या शीर्षकाच्या पूर्ण लांबीवर अवलंबून नसते, या नियमाचा त्यात चतुराईने उपयोग केलेला आहे. तिसरा आणि वाचायला सर्वांत सोपा उपाय म्हणजे फ्लोटला 'विड्थ: मिन-कंटेंट' देणे. तेव्हा पेटी तिच्यातील सर्वांत रुंद अखंड तुकड्याएवढी होते आणि तो तुकडा बहुधा छायाचित्रच असतो.

मात्र माहितीचौकट अनेकदा खरोखरचा तक्ता असते आणि फ्लोट केलेल्या तक्त्याचे वागणे थोडे निराळे असते. साध्या पेटीला २०० पिक्सेल रुंदी दिली आणि आत २५० पिक्सेलचा अखंड शब्द आला, तर पेटी २०० चीच राहते आणि शब्द बाहेर ओघळतो. तक्ता मात्र स्वतःच २५० पर्यंत फुगतो. दिलेली रुंदी त्याच्यासाठी आज्ञा नसून किमान अपेक्षा असते. माहितीचौकटीत एखादा लांबलचक संकेतस्थळाचा पत्ता घातला की शेजारचा सारा मजकूर आकसतो, याचे कारण हेच. मोबाइलवरील आवृत्तीत माहितीचौकटीचा फ्लोट काढून तिला पूर्ण रुंदी दिली जाते, त्यामुळे तिथे हा दोष तितका जाणवत नाही.

मराठी मजकुरातील विशेष

न्यूनतम मजकूर-रुंदी लांब शब्दावर ठरत असल्याने भाषेची लेखनपद्धती थेट मांडणीत उतरते. देवनागरीत ओळ मुख्यतः शब्दांमधील मोकळ्या जागेवर मोडते. हिंदीत परसर्ग सुटे लिहितात, मराठीत विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहितात. हिंदीतील 'विद्यार्थियों के लिए' याला ओळ मोडण्याच्या दोन जागा आहेत. मराठीतील 'विद्यार्थ्यांसाठी' याला एकही नाही. 'कार्यालयासमोरील', 'स्वातंत्र्यसैनिकांविषयी' असे शब्द अरुंद चौकटीत आले की न्यूनतम मजकूर-रुंदी झटकन वाढते. इंग्रजी मजकुरावर बेतलेले साचे मराठीत आणल्यावर बिघडतात त्यामागे पुष्कळदा हे साधे व्याकरण असते, आणि साचे भाषांतरित करणाऱ्यांचे त्याकडे सहसा लक्ष जात नाही.

गावांच्या नावांचा प्रश्न याला जोडूनच येतो. पुणे जिल्ह्यात महाळुंगे नावाची एकाहून अधिक गावे आहेत. खेड तालुक्यात चाकणजवळ महाळुंगे इंगळे आहे. त्यामुळे 'पडवळ' हा उत्तरशब्द शोभेचा नाही, ओळख पटवणारा आहे, आणि तो दुसऱ्या ओळीत जाऊ नये असे संपादकाला वाटणे रास्त आहे. त्यासाठी दोन शब्दांमध्ये न मोडणारी मोकळी जागा घालतात किंवा 'व्हाइट-स्पेस: नोरॅप' वापरतात. तसे करताच आधीच्या उदाहरणातील न्यूनतम मजकूर-रुंदी ७५ वरून १३० पिक्सेल होते आणि फ्लोट त्याहून अरुंद होण्यास नकार देतो. याउलट नाव 'महाळुंगे-पडवळ' असे संयोगचिन्हाने जोडले, तर चिन्हानंतर ओळ मोडण्यास मुभा राहते.

लांब शब्द मोडू देण्यासाठी 'ओव्हरफ्लो-रॅप' गुणधर्म आहे. पण त्याच्या दोन मूल्यांत महत्त्वाचा भेद आहे. 'ब्रेक-वर्ड' दिल्यास शब्द गरज पडल्यावर मोडतो, मात्र न्यूनतम मजकूर-रुंदी मोजताना तो अखंडच धरला जातो. म्हणून आक्रसणाऱ्या फ्लोटला त्याचा काहीच लाभ होत नाही. 'एनीव्हेअर' दिल्यास मोजतानाही प्रत्येक अक्षरापाशी मोड गृहीत धरली जाते आणि न्यूनतम रुंदी एका अक्षरावर येते. दुसऱ्या मूल्याचा वापर जपून करावा लागतो, विशेषतः 'मिन-कंटेंट'सोबत; दोन्ही एकत्र आल्यास छायाचित्र नसलेली पेटी एकेका अक्षराचा उभा खांब बनते. शिवाय अक्षर म्हणजे नेमके काय, हा देवनागरीत जुनाच वाद आहे. युनिकोडच्या पूर्वीच्या नियमांनुसार हलन्त चिन्हानंतर तुकडा पडू शकत असे, म्हणजे 'क्ष' दोन ओळींत फाकण्याचा धोका होता. सप्टेंबर २०२३ मधील १५.१ आवृत्तीपासून जोडाक्षर एकसंध धरण्याचा नियम त्यात आला.

रुंदी मोजली जाते ती संगणकात साठवलेल्या वर्णांची नव्हे, टंकाने घडवलेल्या आकृत्यांची. त्यामुळे टंक बदलला की तोच फ्लोट वेगळ्या रुंदीचा होतो. विंडोजवर दीर्घकाळ मराठी मजकूर र. कृ. जोशी यांनी रेखाटलेल्या 'मंगल' टंकात दिसे. विंडोज ८ पासून 'निर्मला यूआय' आला. एका संगणकावर एका ओळीत बसणारे शीर्षक दुसऱ्यावर मोडते, ते अशा फरकामुळे. टंकात एखादे जोडाक्षर नसेल तर ते हलन्ताने सुटे दाखवले जाते आणि शब्द आणखी रुंदावतो. 'मुक्त'सारखा वेबटंक पान उघडल्यानंतर काही क्षणांनी उतरत असेल, तर ब्राउझर आधी पर्यायी टंकात माप घेतो आणि वेबटंक आल्यावर पुन्हा घेतो. रुंदी 'ऑटो' असलेले फ्लोट तेवढ्या वेळात वाचकाच्या डोळ्यांदेखत हलतात. स्पष्ट रुंदी दिलेल्या फ्लोटची चौकट मात्र जागेवर राहते, फक्त आतील ओळी नव्याने मोडतात. ती रुंदी पिक्सेलऐवजी 'एम' या टंकाकाराशी जोडलेल्या एककात दिल्यास वाचकाने अक्षरे मोठी केली तरी चौकट त्याच प्रमाणात वाढते.

सद्यःस्थिती

फ्लेक्सबॉक्स आणि ग्रिड या मांडणीपद्धती रूढ झाल्यावर स्तंभरचनेसाठी फ्लोटचा वापर ओसरला. बूटस्ट्रॅपनेही २०१८ मधील चौथ्या आवृत्तीत आपली जाळी फ्लेक्सबॉक्सवर नेली. फ्लेक्स किंवा ग्रिड धारकाच्या थेट अपत्य घटकांवर 'फ्लोट' लिहिले तरी त्याचा परिणाम होत नाही. मजकूर बाजूने वाहता ठेवणे हे फ्लोटचे मूळ काम मात्र या पद्धतींना साधत नाही, त्यामुळे ज्ञानकोश, वृत्तपत्रे आणि दीर्घ लेखांच्या पानांवर तो कायम आहे. आक्रसण्याचे त्याचे सूत्रही केवळ त्याचे राहिलेले नाही: 'इनलाइन-ब्लॉक' घटक आणि कडांची स्थाने न दिलेले निरपेक्ष स्थानाचे घटक आपली 'ऑटो' रुंदी याच सूत्राने ठरवतात.